बी पॉझिटिव्ह

नायगाव,
९ जून २०२४

प्रिय डेल्फिन आत्या,

आशीर्वाद द्या, आणि हातातलं लाल पेन आधी खाली ठेवा. शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी माझी पत्रं तुम्ही तपासूनच वाचता, हे मला माहीत आहे. फोन केला की तुम्ही नाशिकहून नुसतं 'मोठ्याने बोल' म्हणता. शेवटी मला सगळं आश्रमातल्या सिस्टरला सांगावं लागतं आणि ती ते तुमच्या कानाशी ओरडते. ही बातमी मला सिस्टरच्या तोंडून जायला नको होती. मला पाचवा महिना आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर बाळ येईल.

फ्रेडरिक खूश आहे. त्याची आई त्याहून खूश. तिने बाळाच्या टोप्या विणायला घेतल्यात, सगळ्या पिवळ्या. मुलगा झाला तरी चालेल आणि मुलगी झाली तरी चालेल, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरीणबाई फार प्रश्न विचारतात. घरात कुणाला कावीळ होऊन गेली का, असंही विचारलं. मी नाही म्हणाले. मग घरी आल्यावर मम्मीचं शेवटचं आजारपण आठवलं. तिचं पोट फुगलं होतं. डोळेही पिवळे झाले होते का, की मलाच तसं वाटतंय? माझी तेव्हा शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, आणि तुम्ही मला फार काही कळू दिलं नव्हतं. तिच्याजवळ तुम्हीच होतात, म्हणून विचारते.

आणि एक गंमत. जन्मभर मी सगळीकडे रक्तगट बी पॉझिटिव्ह लिहीत आले. शाळेच्या ओळखपत्रावर तेच, ऑफिसच्या कार्डावर तेच. आता लॅबवाले म्हणतात, तुमचा ओ आहे. मम्मी तर नेहमी सांगायची की आपण सगळे बी पॉझिटिव्ह. एकतीस वर्षं दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त मिरवत होते म्हणायचं.

लवकर लिहा.

तुमची,
नॅन्सी


नाशिक,
१९ जून २०२४

चि. नॅन्सीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. 'आशीर्वाद'मधला 'र्वा' या वेळी बरोबर आहे. एवढ्या आनंदात बाकीच्या चुका सोडून दिल्या.

तुझे डॅडी गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तेव्हापासून तुम्हा दोघा भावंडांची आई फ्लॉसी आणि बाप मी, असंच आपल्या घरात चाललं. आज प्लासिड असता तर अख्ख्या सांडोर गावाला पेढे वाटून आला असता. मी इथे आश्रमातल्या अठरा म्हाताऱ्यांना एकेक केळं वाटलं. पेढे आम्हाला चालत नाहीत.

आता डॉक्टरांच्या प्रश्नांचं. आजकाल यांना नसत्या चौकशा फार. आपल्या घरात कुणालाही कावीळ झालेली नाही. कावीळ घाणेरड्या पाण्याने होते, आणि आपल्या विहिरीचं पाणी तुला ठाऊक आहे. तुमच्या टॉवरला मात्र टँकरचं पाणी येतं असं रॉकी म्हणत होता. ते वीस मिनिटं उकळून पीत जा आणि बाहेरचा उसाचा रस बंद कर. फ्लॉसीचं दुखणं पोटाचं होतं. तिने उपासतापास फार केले, वेळेवर कधी जेवली नाही, त्याने आतून खंगली. गेलेल्या माणसाच्या आजारात खोट काढत बसू नये.

लॅबवाल्यांनी तुझी नळी बदलली असणार, पुन्हा तपासायला सांग. दोन हजार सहा साली चर्चच्या हॉलमध्ये रक्तदानाचं शिबिर झालं होतं, तेव्हा फ्लॉसीने रक्त दिलं. नंतर रक्तपेढीचं इंग्रजी पत्र आलं, ते मी स्वतः वाचून तिला समजावलं. स्पष्ट लिहिलं होतं, बी, पॉझिटिव्ह. त्यावरूनच तुझ्या आणि रॉकीच्या ओळखपत्रावर मी माझ्या हाताने ते भरलं. मी भरलेलं चुकायचं नाही.

रॉकीला सांग, पत्र लिहायला हात झिजत नाही.

तुझी आत्या,
डेल्फिन


नायगाव,
२ जुलै २०२४

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. आज सांगते.

डॉक्टरांनी काविळीचं उगाच विचारलं नव्हतं. गरोदरपणात जे रक्त तपासतात त्यात मला हिपॅटायटिस बी निघाला आहे. ही पाण्याची कावीळ नाही. हा विषाणू रक्तात राहतो, यकृतात घर करतो आणि वीस-तीस वर्षं काही बोलत नाही. मला आजवर कसलाच त्रास झाला नाही, डोळेसुद्धा कधी पिवळे झाले नाहीत. माझ्या रक्तात त्याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून या महिन्यापासून मला रोज एक गोळी घ्यायची आहे. बाळाला जन्मल्याबरोबर, काही तासांच्या आत, दोन इंजेक्शनं देतील. एक लशीचं, दुसरं तयार प्रतिकारशक्तीचं. म्हणजे बाळाला तो होण्याची भीती फार कमी. फ्रेडरिकला नाही निघाला. त्याने लस सुरू केली आहे.

आत्या, तो उष्ट्याने होत नाही. एका ताटात जेवून होत नाही, मिठी मारून होत नाही. रक्तातून होतो, नवरा-बायकोच्या संबंधातून होतो आणि बाळंत होताना आईकडून मुलाला होतो. डॉक्टरीणबाईंनी हे फ्रेडरिकच्या आईसमोर सांगितलं. तिने त्यातलं मधलं तेवढं ऐकलं.

माझं ताट आता वेगळं आहे. तुम्ही लग्नात दिलेलं, माझं नाव कोरलेलं. ती म्हणाली, 'नाव आहेच त्यावर, घोटाळा नको.' पेल्याला तिने खालून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. परवा भांडी पुसता पुसता विचारलं, 'लग्नाआधी कुठं काही झालं होतं का गो? मला सांग, मी कुणाला सांगणार नाही.' टोप्या विणणं थांबलंय. फ्रेडरिक काही विचारत नाही. तो बिचारा मध्ये अडकला आहे. संध्याकाळी माझ्याच पेल्यातून मुद्दाम पाणी पितो.

डॉक्टरीणबाई म्हणतात, 'बहुतेक तुमच्या आईकडून जन्मताना आला.' या 'बहुतेक'मुळे सगळं अडलंय. फ्रेडरिकची आई म्हणते, 'बहुतेक म्हणजे त्यांनाही खात्री नाही.'

म्हणून एकच विनंती आहे. रक्तपेढीचं ते पत्र तुम्ही वाचलं होतं. त्यात रक्तगटच होता का? माझा ओ आहे, दुसऱ्या लॅबमध्येही तपासला. रॉकीचा ए निघाला. म्हणजे आम्हा दोघांतही बी कुणाचा नाही. ते पत्र तुमच्याकडे असेल तर मला हवं आहे. तुम्ही कागद कधी टाकत नाही. माझी अब्रू त्या एका कागदावर आहे, आत्या.

रॉकीने रक्तगट तेवढा तपासला, हा आजार तपासायला मात्र तयार नाही. तो म्हणतो, 'आत्याने लिहिलंय ना, आपल्याकडे कावीळ नाही. तुझ्या डॉक्टरणीपेक्षा आत्याला जास्त माहीत.' त्याला दोन ओळी लिहा ना.

नॅन्सी


नाशिक,
१६ जुलै २०२४

चि. नॅन्सीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाईट वाटलं. देव सगळं ठीक करील. मी तुझ्यासाठी नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली आहे.

ते रक्तपेढीचं पत्र आता मला नीट आठवत नाही. अठरा वर्षं झाली. माझ्या जुन्या फायलींना मध्ये वाळवी लागली होती, त्यात बरंच गेलं. असतं तर पाठवलं असतं.

ताटाचं मनावर घेऊ नकोस. गोळी वेळेवर घे. रॉकीला सवडीने लिहीन. सध्या माझे गुडघे दुखतात, त्यामुळे फार बसवत नाही.

डेल्फिन आत्या


सांडोर,
३ नोव्हेंबर २०२४

आत्या,

मधले साडेतीन महिने मी लिहिलं नाही आणि तुम्हीही नाही.

चौदा ऑक्टोबरला मुलगी झाली. पावणेतीन किलो. रडायच्या आधीच तिच्या दोन्ही मांड्यांत दोन इंजेक्शनं दिली, असं नर्स हसून सांगत होती. मी अंगावर पाजते, त्याने काही होत नाही. लशीचे पुढचे डोस आहेत आणि ती वर्षाची व्हायला आली की रक्त तपासायचं. तोवर वाट बघायची.

वरचा पत्ता वाचून तुम्हाला कळलं असेल. ऑगस्टपासून मी माहेरी आहे. फ्रेडरिकच्या आईने एक दिवस माझे टॉवेल वेगळ्या दोरीवर घातले आणि खालच्या मजल्यावरच्या बाईने त्याचं कारण विचारलं. त्या बाईला काय उत्तर दिलं गेलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्याच संध्याकाळी बॅग भरली. फ्रेडरिक दर रविवारी येतो. बाळाला मांडीवर घेऊन बसतो. 'आई निवळेल,' म्हणतो. मी म्हणते, 'तू माझ्या बाजूने आहेस ना, मला तेवढं पुरे.'

आता रॉकीचं. तो तुमच्या दोन ओळींची वाट बघत राहिला. मी हात जोडले, भांडले, तरी 'आत्या लिहील' हेच. सप्टेंबरमध्ये त्याच्या पायांना सूज यायला लागली. दिवसभर वाडीत चिखलात उभा असतो, त्याचं असेल असं म्हणाला. ऑक्टोबरात पोट फुगलं. मम्मीचं फुगलं होतं तसंच, आत्या. तेव्हा त्याला धरून नेलं. त्यालाही तेच आहे. चौतीस वर्षांचा माणूस आणि यकृताला गाठी पडून ते कडक झालंय. गोळ्या सुरू झाल्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. जन्मभर घ्यायच्या आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. डॉक्टर म्हणाले, आता आणखी बिघडू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे. पाच-सहा वर्षं आधी आला असता तर हे इथवर आलंच नसतं. आणि निदान जुलैत आला असता तरी पोटात पाणी होण्याआधी गोळ्या सुरू झाल्या असत्या.

फ्रेडरिकच्या आईला हे कळल्यावर वाटलं होतं, आता तरी तिला पटेल, आम्हा दोघांनाही आईकडूनच आला. पण रॉकीच्या दंडावर क्रूस गोंदलेला आहे. ती म्हणाली, 'त्याचं सुईतून आलं असेल. हिचं कुठून?'

मी काही मागायला लिहीत नाही. तुमच्या भावाच्या मुलीला मुलगी झाली आणि मुलगा आजारी आहे, एवढं कळवायचं होतं.

नॅन्सी


नाशिक,
१२ नोव्हेंबर २०२४

नॅन्सी,

सोबत दोन कागद आहेत. वाळवी कधीच लागली नव्हती.

तुझं जुलैचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ट्रंक उघडली. माझ्या शिक्षकी सर्टिफिकिटांच्या फायलीत हे दोन्ही कागद होते. फ्लॉसीने माझ्याकडेच ठेवायला दिले होते. भिंग घेऊन पहिला कागद वाचला. 'बी' होता, 'पॉझिटिव्ह' होतं, आणि 'बी'च्या आधी एक लांबलचक शब्द होता. रक्तगट त्याच्या वरच्या ओळीत वेगळा लिहिला होता, तो ए. कागद घेऊन दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेले आणि या शब्दाचा अर्थ काय म्हणून विचारलं. एखाद्या शब्दाचा अर्थ मी दुसऱ्या कुणाला विचारण्याची माझ्या आठवणीतली ही पहिली वेळ. तो अर्थ मी दोन हजार सहा साली विचारायला हवा होता.

तू मोठी झालीस, आता तुला खरं सांगते. मला इंग्रजी येत नव्हतं. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकवणारी मी. अक्षरं वाचता यायची, चारदोन शब्द कळायचे. पण गावात कुणाकडे इंग्रजी कागद आला की डेल्फिन बाईंकडे न्यायचा, अशी रीत पडून गेली होती. ती रीत मला आवडायची. मला हे समजत नाही, असं एवढं साधं वाक्य मी वर्गात मुलांना रोज म्हणायला शिकवलं आणि स्वतः कधी म्हटलं नाही.

फ्लॉसी पहिला कागद घेऊन आली तेव्हा शेंगा तोडून आली होती, हात पदराला पुसत होती. माझ्यासमोर ती खुर्चीवर कधी बसली नाही. 'बाय, ह्यात काय लिवलंय बघा ना,' म्हणाली. मी चष्मा लावला, मोठा शब्द सोडून दिला, आणि सांगितलं, 'तुझा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, चांगलं रक्त आहे.' तिला केवढा आनंद झाला. आयुष्यात तिला कुणी पॉझिटिव्ह काही सांगितलं नव्हतं.

खरा गुन्हा दुसऱ्या कागदाचा आहे. तो महिन्याभराने आला. रक्तपेढीत येऊन भेटा, एवढं मलाही कळलं. मला वाटलं, रक्त चांगलं निघालं म्हणून पुन्हा मागतायत. मी तिला म्हणाले, 'मेले लोभी आहेत, एकदा दिलंस तेवढं पुरे. अंगात रक्त आहे कुठे तुझ्या?' ती दारात घुटमळली. 'एकदा जाऊन येऊ का तरी?' असं तिने विचारलं होतं, नॅन्सी. तिला जायचं होतं. मी ओरडले, 'एकदा सांगितलं ना तुला.' ती गेली नाही. त्यानंतर नऊ वर्षं जगली. नऊ वर्षांत एखादी गोळी मिळाली असती, तुम्हा दोघांची तपासणी झाली असती. ती शेवटी पिवळी पडली होती. हो, डोळे पिवळे होते. तुला बरोबर आठवतंय. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

एवढं समजल्यावर जुलैत लगेच लिहायला हवं होतं. लिहायला बसायची आणि उठायची. अठरा वर्षांपूर्वीची चूक अज्ञानाची होती, ती कदाचित देव समजून घेईल. जुलैचं खोटं मी पूर्ण शुद्धीत, शुद्धलेखनासकट लिहिलं. आणि रॉकीला दोन ओळी लिहिल्या नाहीत, कारण त्याला तपासून घे म्हटलं असतं तर त्याने का म्हणून विचारलं असतं. स्वतःचं नाव राखायला मी पोराचं पोट फुगू दिलं. त्याहून वेगळ्या शब्दांत हे सांगता येत नाही.

माझी तपासणी करून घेतली. मला नाही निघाला. तेरा वर्षं फ्लॉसीच्या हातचं जेवले, तिच्या पेल्यातला चहा प्यायले, तिच्या शेजारी झोपले. हे फ्रेडरिकच्या आईला सांग. हे पत्र त्यांना अक्षरन् अक्षर वाचून दाखव. कागदावर फ्लॉसीचं नाव आहे, तारीख आहे, शिक्का आहे. आता 'बहुतेक' म्हणायला जागा उरत नाही. आणि चूक कुणाची तेही त्यांना वाचू दे. बाळाला बघायची इच्छा आहे, पण तो हक्क मी मागत नाही.

डेल्फिन


सांडोर,
२४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

कागद मिळाले.

रॉकीला आधी वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'आत्याला लिही, गुडघ्याला तेल लावत जा.' तो असाच आहे. त्याचं पोट आता उतरलंय, थोडं चालतो. वाडीत जाऊन मजुरांवर ओरडण्याइतका बरा आहे.

काल फ्रेडरिक आणि त्याची आई आले. मी दोन्ही कागद पुढे ठेवले आणि तुमचं पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. दुसऱ्या कागदाचं आलं तेव्हा मी पत्र फ्रेडरिकच्या हातात दिलं, पुढचं त्याने वाचलं. मग त्याची आई उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'चुकले गो मी. घरी चल.' तिच्यावर माझा आता राग नाही. तिने जे काही विचारलं ते तोंडावर विचारलं.

मग फ्रेडरिक मला मागच्या ओट्यावर घेऊन गेला आणि रडायला लागला. म्हणाला, 'मला माफ कर.' मला कळेना. मी म्हटलं, तुला कशाबद्दल माफ करू? तू तर माझ्या बाजूने होतास. तेव्हा त्याने सांगितलं. लग्नाच्या आधीच्या वर्षी मी ऑफिसच्या ट्रेनिंगला आठ दिवस पुण्याला गेले होते. जुलैपासून तो त्या आठ दिवसांचा विचार करत होता. माझ्याबरोबर कोण कोण गेलं होतं, ते त्याने माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून काढून घेतलं होतं. माझ्या पेल्यातून पाणी प्यायचा तेव्हाही हेच मनात होतं. 'आधी काही वाटलं नव्हतं,' म्हणाला. 'पण आई रोज तेच बोलायची, आणि तुझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.'

इतके महिने मला वाटत होतं, संशय त्याच्या आईचा आहे. तो विचारत नव्हता, त्याला मी विश्वास म्हणत होते. त्याच भरवशावर मी हे दिवस काढले, बाळंतपणही काढलं.

तुमचा कागद जुलैत आला असता तर माझं नाव जुलैतच मोकळं झालं असतं. रॉकीच्या पोटात पाणी झालं नसतं. आणि फ्रेडरिकला त्या आठ दिवसांचा विचार करायला वेळच मिळाला नसता. आता सगळ्यांना पटलंय की माझ्याकडून काही घडलं नव्हतं. तो कागद आला नसता तर त्याने माफीही मागितली नसती, आणि मला हे कधी कळलंच नसतं. दोन्हींतलं कुठलं बरं, ते मला अजून ठरवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी नायगावला परत जाते. मुलीला बाप हवा, आणि तिच्यावर त्याचा जीव आहे. तिचं नाव फ्लॉसी ठेवणार आहोत. बाप्तिस्मा जानेवारीत आहे. तुम्ही या. रॉकी गाडी घेऊन न्यायला येईल.

ओट्यावर मी फ्रेडरिकला म्हटलं, माफ केलं. तो एवढा रडत होता की दुसरं काही म्हणता आलं नाही. तुमच्याशी मात्र मला खोटं बोलायचं नाही, म्हणून ते वाक्य तुमच्यासाठी या पत्रात लिहिलेलं नाही.

नॅन्सी